स्थानकापासून घरापर्यंत

वीट म्हटली की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे भट्टी येते, भट्टीचा धूर येतो आणि घर बांधायला काढलेल्या माणसाची ओढाताणही येते. नातवंडांच्या पिढीची वीट निराळी आहे. ती प्लास्टिकची आहे, अंगठ्याच्या पेराहून फारशी मोठी नाही. तिला चुना लागत नाही की सिमेंट लागत नाही. एकीवर एक ठेवून बोटाने दाबली की ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि जोड पक्का बसतो. नको असेल तेव्हा तोच जोड सोडविताही येतो. बांधणे आणि मोडणे या दोन्ही गोष्टी इतक्या सहजतेने करू देणारी दुसरी वीट आमच्या पाहण्यात नाही.

या विटेचा जन्मही एका सुताराच्या घरचा आहे. डेन्मार्क देशातील बिलुंड या लहानशा गावी ओले किर्क क्रिस्टियनसेन नावाचे सुतार राहत असत. मंदीच्या दिवसांत घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करावयास घेतली. ‘चांगले खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्यांनी आपल्या धंद्याला लेगो हे नाव दिले. १९४९ साली त्यांच्या कारखान्यातून प्लास्टिकच्या विटा निघू लागल्या. परंतु त्या पोटात पोकळ असल्याने एकमेकींना घट्ट धरीत नसत. विटेच्या पोटात नळ्या बसविण्याची युक्ती पुढे सापडली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी तिच्या हक्कासाठी अर्ज केला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ओले किर्क निवर्तले. त्या साली निघालेली वीट आज निघालेल्या विटेत अचूक बसते. साठ वर्षांहून अधिक काळ ज्यांचा सांधा बदललेला नाही अशा वस्तू जगात किती असतील?

ही माहिती आम्हास उतारवयात झाली. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. एकाने उभी हयात लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात डब्यांच्या दुरुस्तीत घालविली, दुसरीने प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरे गिरवून दिली. सेवानिवृत्तीनंतर वसईची वाडी, विहीर, चार केळी आणि लेकीचे कुटुंब एवढ्यात आमचे जग सामावले होते. नातू अकरा वर्षांचा. जावईबापूंनी त्याला वेळोवेळी आणून दिलेल्या विटांची दोन मोठी खोकी आमच्या माळ्यावर होती. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी लेकीच्या कुटुंबाची कॅनडाला जाण्याची कागदपत्रे मंजूर होऊन आली आणि जानेवारीत निघायचे ठरले. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर नातवाने खोकी माळ्यावरून खाली घेतली आणि म्हणाला, “आजोबा, जायच्या आधी आपण एक मोठं स्टेशन बांधू या. तुम्ही आणि आजी सांगा, मी बांधतो.”

कोणते स्थानक, यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मुंबईचे बोरीबंदर ठरले. तेही आजचे नव्हे, तर १८९५ च्या सुमाराचे. या निवडीमागे कारण होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला देशातील पहिली प्रवासी गाडी गेली, तेव्हा तेथे साधेच स्थानक होते. आज आपण जी भव्य वास्तू पाहतो तिचे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली १८७८ साली सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले. १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली म्हणून, तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. आत वाफेचे इंजिन धापा टाकीत उभे आणि बाहेर घोडागाड्यांची रांग, असे ते दिवस. शिवाय मुंबईत ९ मे १८७४ पासून घोड्यांची ट्रामही सुरू झाली होती. तिच्या पहिल्या दोन मार्गांपैकी एक बोरीबंदरावरूनच काळबादेवीमार्गे पायधुणीला जाई. विजेची ट्राम मुंबईत आली ती १९०७ साली. म्हणजे १८९५ च्या त्या चौकात वाफ आणि घोडा शेजारी शेजारी नांदत होते. नातवाला इंजिन हवे होते, आम्हास घोडे हवे होते; एकाच चित्रात दोघांचेही समाधान होणार होते.

प्रथम मापाचा प्रश्न आला. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला माप घेतल्याखेरीज चैन पडत नाही. या खेळण्यातील दोन रुळांमधील अंतर सुमारे ३८ मिलिमीटर भरते. आपल्या देशातील रुंदमापी लोहमार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर. भागाकार केला तर चव्वेचाळीस येतात. आता खेळण्यातील माणूस सुमारे ४० मिलिमीटर उंचीचा असतो. त्यास चव्वेचाळीसने गुणले की १७६० मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेसहा फूट होतात. याचा अर्थ असा, की डेन्मार्कच्या त्या खेळण्यातील माणूस आणि रूळ यांचे प्रमाण तिकडच्या १४३५ मिलिमीटरच्या लोहमार्गापेक्षा आपल्या रुंद लोहमार्गाशीच अधिक जुळते! हे गणित वहीत मांडून दाखविले तेव्हा नातवाने ते तीनदा तपासून पाहिले आणि मग शेजारच्या मुलांना बोलावून त्यांनाही दाखविले.

त्याच प्रमाणात सगळे स्थानक बांधायचे तर आमचे घर आणि अंगण दोन्ही पुरले नसते. म्हणून दर्शनी भागातील एक प्रवेशद्वार, त्याला लागून पाच कमानी, एक मनोरा, मागे एक फलाट आणि पुढे चौक एवढेच घ्यायचे ठरले. जेवणघरातील जुने शिसवी टेबल त्यासाठी मोकळे केले. गाडी फिरती हवी होती. या रुळांचे वळण ठरलेले असते. सोळा वक्र तुकडे जोडले की एक वर्तुळ पुरे होते आणि ते सत्तर सेंटिमीटर जागा व्यापते. मध्ये सरळ तुकडे घालून आम्ही ते लांबविले. इंजिन काळे, मागे कोळशाचा डबा, त्या डब्यात कोळशाऐवजी विजेचे सेल, आणि त्यामागे तीन डबे.

आमची खरी कसोटी लागली ती नक्षीकामात. बोरीबंदरच्या कमानी वर टोकदार होत जातात. खेळण्यातील तयार कमानी अर्धगोल असतात. तेव्हा उलट्या उताराच्या विटा दोन्ही बाजूंनी थोड्या थोड्या पुढे काढीत नेल्या आणि माथ्यावर त्यांची टोके भिडविली. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला आहे. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. आमच्याकडे सिंह होता, वाघ नव्हता. नातवाने पिवळ्या आणि काळ्या चिमुकल्या तुकड्यांचा एक वाघ रचला. तो मांजरासारखा दिसतो असे लेकीचे मत पडले. परंतु तो खांबावर चढला आणि तेथेच राहिला. मुख्य घुमटावर उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक घेतलेली ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती आहे. आमच्या मनोऱ्याला तिचा मान नव्हता, तरीही नातवाने हट्टाने एक बाहुली वर चढविली आणि तिच्या हाती एक चाक दिले.

छताखालच्या नक्षीसाठी काय वापरावे, हा प्रश्न मात्र आठवडाभर सुटेना. खोक्यात तळाशी पिवळी केळी सापडली. माणसांच्या हाती देण्यासाठी असतात तशी, नखाएवढी. ती पालथी घालून ओळीने लावली तर वालुकाश्मातील वेलबुट्टीसारखी दिसू लागली. वसईच्या घरात बांधलेल्या बोरीबंदरास वसईच्या केळ्यांचीच झालर लागावी, याचे आम्हा सर्वांस फार हसू आले. सत्तावीस केळी होती. पाच कमानींवर पाच-पाच बसली आणि दोन उरली.

एका संध्याकाळी जावईबापू म्हणाले, “बाबा, गाडी तर या नक्षीवाचूनही फिरतेच.” त्यांचे म्हणणे खरे होते. पण खऱ्या बोरीबंदराकडे पाहा. तिकीटघरापुढील कठडे, लोखंडी जाळ्या, जिन्यांचे हात, यांवर सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी काम केले. त्या मुलांची नावे आज कोणी घेत नाही. तिसऱ्या वर्गाने जाणाऱ्या उतारूला त्या नक्षीमुळे गाडी लवकर मिळाली नसेल. परंतु निरोपाच्या घाईत वर नजर गेली तर पाहण्यासारखे काही तेथे होते. कामापुरते बांधणे आणि माणसासाठी बांधणे यांत हा फरक आहे. हे आम्ही जावईबापूंना सांगितले. ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ते स्वतःच टेबलाशी येऊन बसले आणि एक खिडकी रचू लागले.

त्यानंतर रोज रात्री जेवणे उरकली की आम्ही सारे त्या टेबलाभोवती जमत असू. एरवी ज्या विषयावर समोरासमोर बसून बोलवत नव्हते, तो विषय तेथे विटा निवडता निवडता आपोआप निघे. लेक सांगे, तिकडे घर अजून ठरलेले नाही. जावई सांगत, पहिली दोन वर्षे येणे जमणार नाही. आम्ही विचारीत असू, थंडीचे कपडे येथून घ्यायचे की तेथे? हाताला काम असले की माणसाची जीभ मोकळी होते आणि डोळे खाली असले की ऐकणाऱ्याचीही सोय होते.

मग घोड्यांची पाळी आली. या खेळण्यातील घोडा देखणा असतो, मान ताठ, शेपटी झुबकेदार. आमच्याकडील जुन्या घोड्यांचे पाय मात्र हलत नाहीत. ते चारही पायांवर कायमचे उभे. गाडीच्या दोन दांड्या घोड्याला अडकविण्यासाठी एक वेगळा तुकडा मिळतो. गाडीची चाके आऱ्यांची. लहान चाक २७ मिलिमीटरचे आणि मोठे ३३ मिलिमीटरचे. नातवाने चारही चाके सारखी लावली तेव्हा आम्ही त्याला थांबविले. व्हिक्टोरिया गाडीची पुढची चाके नेहमी लहान असतात. गाडी वळताना पुढचा आस फिरतो. चाके लहान असली म्हणजे ती बैठकीखालून निघून जातात, घासत नाहीत. मागे दोघांना ऐसपैस बसता येईल अशी खोलगट बैठक, वर दुमडता येणारा टप आणि पुढे उंचावर गाडीवान, असा तिचा घाट. टपासाठी काळ्या वक्र पट्ट्या कामी आल्या. दिव्यांसाठी दोन पारदर्शक पिवळे मणी दोहों बाजूंस लावले.

गंमत अशी की, गाडीलाही राणीचे नाव आणि स्थानकालाही राणीचेच नाव. स्थानकाचे नाव १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ ही उपाधी जोडली गेली. २००४ पासून ती वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहे. गाडी मात्र शेवटपर्यंत व्हिक्टोरियाच राहिली. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेखातर चालविल्या जाणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरविल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. तापलेल्या डांबरी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मुक्या जनावरांचे हाल पाहता तो निर्णय योग्यच होता. त्यावर पोट असणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन व्हावे, असेही न्यायालयाने म्हटले होते. पुढे २०२१ साली त्याच घाटाच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत आल्या. टप तोच, दिवे तेच. पुढे घोडा मात्र नाही.

चौकात गाड्या मांडायची वेळ आली तेव्हा नातवाने विचारले, “आजी, ही माणसं गावाला चालली आहेत का गावाहून आली आहेत?”

प्रश्न लहान होता, पण टेबलाभोवतीचे सारे हात थांबले. कारण गाडीचे तोंड कोठे करायचे, हे त्यावर अवलंबून होते. निघालेली माणसे असतील तर सामान उतरविताना दाखवायचे. आलेली असतील तर चढविताना. लेक म्हणाली, “दोन गाड्या आहेत ना? एक जाणाऱ्यांची कर, एक येणाऱ्यांची.” त्याप्रमाणे पहिली गाडी प्रवेशद्वारापाशी लागली. तिच्यातून एक कुटुंब उतरत होते. वडील, आई, एक मुलगा, आणि दोन ट्रंका. दुसऱ्या गाडीत बसवायला माणसे काढू लागलो तर खोक्यात माणूसच उरला नव्हता. उरलेली सगळी फलाटावर आणि ट्राममध्ये आधीच जाऊन बसली होती. एक गाडीवान तेवढा होता. नातू म्हणाला, “मग ही गाडी काढून टाकू या. रिकामी गाडी काय कामाची?”

यावर त्याला जे सांगितले ते येथे लिहून ठेवावेसे वाटते. आमच्या लहानपणी वसई रोड स्थानकाबाहेर टांगे उभे असत. मुंबईहून शेवटच्या गाडीने येणारा माणूस दमून उतरे. सुमारे बत्तीस मैलांचा प्रवास त्याने आगगाडीने केलेला असे. पण स्थानकापासून घरापर्यंतचे दोन-तीन मैल अंधाराचे, चिखलाचे असत. तेथे टांगा उभा आहे की नाही, यावर त्याची रात्र अवलंबून असे. रेल्वे आली आणि घोडा गेला, असे आपण समजतो. वस्तुतः तसे झाले नाही. जेथे रेल्वे प्रथम आली त्या इंग्लंडातही लोहमार्ग वाढत गेले तशी घोड्यांची गरज वाढतच गेली. कारण प्रत्येक स्थानकावर उतरणारा माणूस आणि उतरणारी गोणी दारापर्यंत पोहोचविणारे कोणीतरी लागत होते. घोड्याचे काम गेले ते पुढे मोटार आल्यावर. आगगाडी दूरचे अंतर तोडते. अखेरचे थोडेसे अंतर तिला तोडता येत नाही. म्हणून जो गाडीवान रात्री स्थानकाबाहेर रिकामी गाडी घेऊन उभा असतो, तो बिनकामाचा नसतो. तो कोणीतरी येणार म्हणून उभा असतो, आणि त्याचे ते उभे राहणे हेच त्याचे काम असते.

नातवाने सगळे ऐकून घेतले. मग त्याने ती रिकामी गाडी उचलली आणि घोड्याचे तोंड फिरवून, बाहेर पडणाऱ्या उतारूला पहिल्यांदा तीच दिसेल अशा बेताने, दरवाजासमोर उभी केली. टप खाली दुमडला. म्हणाला, “म्हणजे बसायला सोपं.”

नाताळाच्या आठवड्यात ते सारे पूर्ण झाले. शेजारीपाजारी पाहून गेले. मुलांनी गाडी इतकी फिरविली की दोनदा सेल बदलावे लागले. कोणी सुचविले, हे आता गोंदाने चिकटवून काचेच्या पेटीत ठेवा, आठवण राहील. क्षणभर मोह झाला. परंतु विटा नातवाच्या होत्या, आणि चिकटविलेली वीट ही वीट राहत नाही. तिच्यातून पुढे काही होत नाही. एकाच रंगाच्या, आठ उंचवट्यांच्या केवळ सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ निरनिराळ्या प्रकारांनी जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजून काढले आहे. अकरा वर्षांच्या मुलाच्या पुढ्यातून एवढ्या शक्यता काढून घेऊन आपली एक आठवण जपणे आम्हास रास्त वाटले नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून ते मोडले. बांधायला सहा महिने लागले होते, मोडायला एक दुपार पुरली. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत रंगावार विटा भरल्या. विमानात न्यायच्या सामानाचे वजन ठरलेले; प्रत्येक डबा काट्यावर तोलून पाहिला. इंजिन गेले, रूळ गेले, केळी गेली, मांजरासारखा वाघही गेला. टेबल पुसून घेतले तेव्हा त्यावर ती रिकामी व्हिक्टोरिया तेवढी उभी होती, घोड्यासह आणि गाडीवानासह. तिचे वजन ते काय असणार! तरी नातवाने ती डब्यात भरली नव्हती. आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

आमच्या धर्मग्रामात आज अशी कितीतरी घरे आहेत, जेथे दोन म्हातारी माणसे आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच उरले आहे. एके काळी मुले आखातात जात, आता आणखी दूर जातात. त्यांनी जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार आपणास नाही. आपलेही वाडवडील भाकरीसाठी कोठून कोठे गेले. परंतु मागे राहिलेल्यांना काही काम उरलेच नाही, असे जे हल्ली बोलले जाते, ते आम्हास पटत नाही. घर झाडून ठेवणे, विहिरीचा गाळ काढणे, केळीला पाणी देणे, वर्षातून एकदा कौले चाळणे, दूरध्वनीवर आवाज हसरा ठेवणे, ही सारी कामे आहेत. दूरचे अंतर विमान तोडील. उतरल्यानंतरचे थोडेसे अंतर आपल्या वाट्याचे आहे, आणि त्यासाठी कोणीतरी गाडी जोडून दारात उभे असलेच पाहिजे.